गाडी ठणठणीत, पडदा काळा

फोनचं स्टोरेज भरलं की आपण काय करतो? जुने व्हिडिओ उडवतो, ‘गुड मॉर्निंग’वाले फोटो उडवतो, जागा झाली की खूश. आजची गोष्ट मात्र मेमरी भरण्याची नाही, झिजण्याची आहे. हो, मेमरी झिजते. तिच्यापायी टेस्लाला अमेरिकेत १,३४,९५१ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

आधी थोडं मागे जाऊ. १९८४ साली तोशिबा कंपनीतले इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी एक नवी मेमरी जगापुढे मांडली. तिच्यातला मजकूर एका झटक्यात पुसला जायचा. ते पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून नाव पडलं फ्लॅश. तिचा नॅन्ड हा प्रकार १९८७ मध्ये आला, आणि तुमच्या फोनमध्ये आज तोच आहे. वीज गेली तरी लिहिलेलं टिकतं, हलणारा एकही भाग नाही. पण एक खोट आहे. यात एकच शब्द खोडता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. आणि दर वेळी इलेक्ट्रॉन अडवून धरणारा पातळ थर थोडा खराब होतो. वहीचं पान खोडरबरने घासून घासून विरतं ना, तसंच.

आता या २०१२ मध्ये. टेस्लाची मॉडेल एस बाजारात आली. डॅशबोर्डवर बटणं जवळजवळ नाहीतच, मधोमध १७ इंची टचस्क्रीन. तिच्यामागे लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर आणि त्यात ८ जीबीची फ्लॅश चिप. नकाशे, गाणी, सेटिंग, सगळं त्या पडद्यावरच.

गाड्या जुन्या व्हायला लागल्या तशा तक्रारी सुरू झाल्या. पडदा हळू चालतो, आपोआप रीस्टार्ट होतो, आणि मग एक दिवस काळाच! गाडी चालायची, पण रिव्हर्स कॅमेरा गेलेला, काचेवरचं धुकं घालवायची सोय गेलेली, इंडिकेटरचा आवाजही बंद. भर थंडीत हे झालं तर विचार करा.

बाहेरच्या मेकॅनिक लोकांनी बोर्ड उघडून पाहिले तेव्हा दोषी सापडला: लॉग. म्हणजे कॉम्प्युटरची रोजनिशी. काय सुरू झालं, काय बंद पडलं, याच्या नोंदी सिस्टीम सतत त्या चिपवर लिहीत होती. बिघाड शोधायला ठेवलेली वहीच बिघाड करत होती, याला काय म्हणायचं!

सरकारी चौकशीत टेस्लाने दिलेला हिशोब तर फार बोलका आहे. चिपचा प्रत्येक ब्लॉक साधारण ३,००० वेळा पुसून लिहिता येतो. रोजचा सरासरी वापर १.४ वेळा. करा भागाकार: साधारण २,१४० दिवस. सहा वर्षंसुद्धा पुरी नाहीत! हे गणित शाळकरी पोरालाही जमलं असतं. पण चिप निवडताना सहा वर्षांनंतरची गाडी कोणाच्या डोळ्यासमोर नसावी, असं मला वाटतं.

टेस्लाने आधी सॉफ्टवेअर अपडेट पाठवून लिहिणं कमी केलं. पण विरलेलं पान अपडेटने जाड होत नाही. वाहन सुरक्षा पाहणारी अमेरिकी संस्था एनएचटीएसए हिने जानेवारी २०२१ मध्ये पत्र पाठवून रिकॉल मागितला, आणि फेब्रुवारीत कंपनीने तो मान्य केला. ८ जीबीच्या जागी ६४ जीबीची चिप आली. पानं आठपट, म्हणजे तेच लिखाण जास्त पानांवर पसरणार.

आता तुमच्यातले जे रास्पबेरी पायवर खटपट करतात त्यांच्यासाठी. लॉग कार्डावर न ठेवता रॅममध्ये ठेवता येतात. रीस्टार्टला पुसले जातील, पण कार्ड वाचेल. आणि बोर्डवर ईएमएमसी चिप असेल, ५.० किंवा पुढच्या आवृत्तीची, तर ती स्वतःच किती झिजलीय हे दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत सांगते. विचारून बघा तिला.