गिधाडांची विषबाधा

गुरांना दिलेल्या औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांना झालेली विषबाधा. ही विषबाधा हेतुपुरस्सर केलेली नव्हती. तरीही तिच्यामुळे भारतीय उपखंडातील गिधाडांच्या तीन जाती नामशेष होण्याच्या मार्गावर आल्या.

राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांना १९९० नंतरच्या दशकात गिधाडांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे आढळले. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे सु. ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीची व बारीक चोचीची गिधाडे मिळून सु. ९७ टक्क्यांनी कमी झाली. प्रारंभी संसर्गजन्य रोगाचा संशय होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीवरून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक व शोथहारक औषध त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध केले.

या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातील यूरिक अम्ल वाढते व अंतर्गत इंद्रियांवर त्याचे पांढरे थर साचून काही दिवसांत मृत्यू येतो. एकाच शवावर अनेक गिधाडे तुटून पडत असल्याने शंभरांत एकाहूनही कमी शवे दूषित असली, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो. मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे ही हानी लवकर भरून निघत नाही. गिधाडे नाहीशी झाल्याने मृत गुरांची विल्हेवाट लागेनाशी झाली व पारशी समाजाच्या अंत्यविधीतही अडचण निर्माण झाली. मुंबईतील डुंगरवाडीत त्यासाठी सौर परावर्तकांचा अवलंब करावा लागला.

भारत, नेपाळ व पाकिस्तान यांनी २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर निर्बंध घातले. भारतात २००८ मध्ये त्यासंबंधी अधिसूचना निघाली. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय उपलब्ध झाला. तथापि माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलि.पुरता मर्यादित करण्यात आला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही भारतात बंदी आली. हरयाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. परंतु मोकळ्या रानातील मांस विषमुक्त असल्याखेरीज अशा केंद्रांत वाढविलेले पक्षी बाहेर सोडून उपयोग नाही. यास्तव नव्या पशुऔषधाची गिधाडांवरील सुरक्षितता ते बाजारात येण्यापूर्वीच तपासणे, हाच प्रतिबंधाचा मुख्य उपाय ठरतो.