रबराची दोन साधने

दंतवैद्यकातील उपकरणांचा इतिहास बहुधा शोधकांच्या कल्पकतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु एखादे साधन सिद्ध झाल्यावर ते कोणत्या अटींवर आणि किती रुग्णांपर्यंत पोहोचले, हा प्रश्न त्या कल्पकतेइतकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १८६४ साली, एकाच पदार्थाच्या आधारे, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने पुढे आलेल्या दोन साधनांची हकिकत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तो पदार्थ म्हणजे रबर.

चार्ल्स गुडइयर याने गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ साली घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात वेदनेवाचून काढवून घेतला आणि १८४६ साली बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथरचा प्रयोग जाहीरपणे करून दाखविला. दात काढण्याची भीती अशी ओसरल्यावर, वर्षानुवर्षे किडके दात सोशीत बसलेले लोक ते काढवून घेण्यास पुढे आले आणि साहजिकच कवळ्यांची मागणी वाढली. परंतु कवळी ही तोपर्यंत श्रीमंतांची वस्तू होती. पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेली कवळी तोंडात कुजत असे, आणि सोन्याचा पत्रा ठोकून घडविलेली कवळी सामान्य कुटुंबाला परवडण्यासारखी नव्हती.

ही अडचण दूर केली ती 'व्हल्कनाइट' नावाच्या कठीण रबराने. हिरड्यांचा ठसा घेऊन त्यावरून प्लॅस्टरचा साचा करावयाचा, त्यावर मेणात दात बसवावयाचे, तो सर्व ऐवज धातूच्या दुभंगी डबीत प्लॅस्टरने बंदिस्त करावयाचा, मग मेण काढून त्याच्या जागी गंधकमिश्रित आणि हिंगुळाने तांबूस केलेले मऊ रबर दाबून भरावयाचे व डबी वाफेच्या बंद भांड्यात तापवावयाची, अशी ती कृती होती. डबी उघडल्यावर हाती येणारी कवळी हिरडीच्या उंचसखलपणाशी तंतोतंत जुळे आणि तिची किंमत सोन्याच्या कवळीच्या मानाने फारच थोडी असे.

या कवळीचे पेटंट जॉन कमिंग्ज या दंतवैद्याला १८६४ च्या जूनमध्ये मिळाले. त्याचा मूळ अर्ज १८५५ सालचा. परंतु तो नामंजूर झाला आणि दारिद्र्यामुळे त्याला त्याचा पाठपुरावा करता आला नाही, ही गोष्ट त्याच्याविषयी बोलताना विसरता कामा नये. पुढे हे पेटंट गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीच्या हाती गेले आणि तेथून मक्तेदारीचा अंमल सुरू झाला. रबराची कवळी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याने कंपनीकडून परवाना घ्यावा, सालीना फी भरावी आणि शिवाय प्रत्येक कवळीमागे वेगळी रक्कम द्यावी, असा दंडक होता. न देणाऱ्यावर कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून फिर्यादी गुदरीत असे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायमूर्तींच्या बहुमताने निवाडा कंपनीच्या बाजूने झाला. सॅम्युअल चॅल्फंट नावाचा एक दंतवैद्य या वसुलीच्या तगाद्यामुळे डेलावेअर सोडून पश्चिमेकडे निघून गेला. परंतु बेकनने त्याला सॅन फ्रान्सिस्कोतही गाठले, आणि १३ एप्रिल १८७९ रोजी तेथील हॉटेलात चॅल्फंटच्या पिस्तुलाच्या गोळीने बेकन मरण पावला. चॅल्फंटला दहा वर्षांची कैद झाली. त्या हत्येचे समर्थन कोणीही करू नये. परंतु दंतहीन माणसाला अन्न चावता यावे म्हणून निघालेल्या साधनावरून माणूस मारण्यापर्यंत मजल जावी, यावरून त्या जाचाची कल्पना येते. १८८१ साली पेटंटची मुदत संपली, आणि त्यानंतर ॲक्रिलिक येईपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ ही कवळी कोणाही दंतवैद्याला बिनपरवाना करता येऊ लागली.

दुसरे साधन त्याच १८६४ सालच्या मार्चमधील. किडलेल्या दाढेत शुद्ध सोन्याचे वर्ख ठोकून भरण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली होती. तापवून घेतलेले वर्ख हत्याराच्या दाबाने एकमेकांस चिकटत व एकजीव होत. परंतु लाळेचा थेंबभर स्पर्श झाला, तरी तो थर धरीत नसे आणि तास दोन तासांचे काम व्यर्थ जाई. खालच्या दाढांभोवती कपड्याच्या घड्या कितीही दाबल्या, तरी त्या पाहता पाहता भिजत. सॅनफर्ड बार्नम या न्यूयॉर्कमधील तरुण दंतवैद्याने यावर जो उपाय काढला, तो रबराच्या पातळ पापुद्र्याला बारीक छिद्र पाडून ते दाढेवर ओढून बसविण्याचा होता. ताणलेले छिद्र दाढेच्या मानेभोवती आवळून बसले, जीभ, गाल आणि लाळ पडद्यापलीकडे राहिली, आणि अलीकडे उरली ती केवळ कोरडी दाढ. हाच 'रबर डॅम' होय. बार्नमने त्याचे पेटंट घेतले नाही. ही युक्ती त्याने आपल्या व्यवसायबंधूंना विनामूल्य देऊन टाकली. मुळाच्या नलिकेवर उपचार करताना लाळेतील जंतू आत शिरू नयेत आणि सूक्ष्म हत्यारे निसटून घशात जाऊ नयेत, म्हणून आजचे दंतवैद्य तोच पडदा वापरतात.

शोधकाने उपाशी राहावे, असा या हकिकतीचा निष्कर्ष कोणी काढू नये. दारिद्र्यापायी नऊ वर्षे खोळंबलेल्या कमिंग्जला त्याच्या श्रमांचा मोबदला मिळणे न्याय्यच होते. परंतु तो मोबदला आणि प्रत्येक घासावर बसविलेला कर या दोहोंत जे अंतर आहे, ते कायद्याने ओळखले पाहिजे. कारण व्याधिपीडिताला साधन नाकारण्याचा पर्याय नसतो आणि म्हणूनच त्याच्याशी होणारा सौदा कधीच बरोबरीचा सौदा नसतो. पुरेसा मोबदला शोधकाला आणि साधन सर्वांना, हाच दंतवैद्यकात, किंबहुना सर्वच वैद्यकात, न्यायाचा मार्ग आहे.