बॅबेजच्या अपुऱ्या यंत्राचा निवाडा

शास्त्रांच्या इतिहासांत अपयशी ठरलेल्या थोर पुरुषांविषयीं एक वाक्य फार वेळां वाचावयास मिळतें: ‘तो आपल्या काळाच्या पुढें जन्मला.’ वाक्य ऐकावयास गोड आहे. त्यानें मृताचा गौरव होतो, आणि ज्या समकालीनांनीं त्याला साह्य केलें नाहीं त्यांच्यावरही ठपका येत नाहीं. कारण दोष कोणा माणसाचा नव्हे, काळाचा! परंतु काळ म्हणजे काय? हत्यारें, पैसा, माणसें आणि गरज ह्यांपैकीं नेमकें कोणतें कमी पडलें हा प्रश्न त्या वाक्यानें सुटत नाहीं. तो झांकला मात्र जातो. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) ह्याच्या गणनयंत्रांच्या बाबतींत हा झांकलेला प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनीं उघडा केला, आणि तोही केवळ जुनीं दप्तरें चाळून नव्हे, तर प्रत्यक्ष यंत्र घडवून. इतिहासाच्या वादांत साक्षीदार म्हणून पितळ आणि पोलाद उभें राहावें असा प्रसंग क्वचितच येतो. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मोठें गणित करावयाचें म्हणजे छापील कोष्टकांच्या आधारानेंच करावें लागे. भर समुद्रांत आपलें स्थान काढणारा खलाशी, ग्रहांची गति मोजणारा खगोलज्ञ, आयुष्याच्या विम्याचा हप्ता ठरविणारा कारकून, ह्या सर्वांचा भरंवसा कोष्टकांवर. ‘कंप्यूटर’ हा शब्द त्या काळीं यंत्राला नव्हे, तर आंकडेमोड करणाऱ्या माणसाला लावीत. अशा माणसांनीं गणित करावें, दुसऱ्यानें त्याची नक्कल करावी आणि तिसऱ्यानें छापखान्यांत खिळे जुळवावे. प्रत्येक पायरीवर चुकीला दार उघडेंच. १८२१ सालीं बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्षेल हे दोघे अशींच कांहीं खगोलीय गणितें ताडून पाहात होते. चुकांमागून चुका सांपडूं लागल्या, तेव्हां हीं गणितें वाफेच्या जोरावर करून घेतां आलीं तर किती बरें होईल, असे उद्गार बॅबेजच्या तोंडून निघाले. ही आठवण त्यानेंच पुढें लिहून ठेविली आहे.

उद्गार वैतागाचे असले तरी त्यांतील कल्पना पोकळ नव्हती. एक उदाहरण घेऊं. कोणत्याही संख्येचा वर्ग करावा, त्यांत तीच संख्या मिळवावी आणि आणखी ४१ मिळवावे. शून्यापासून आरंभ केल्यास ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशी माळ तयार होते. लगतच्या संख्यांमधील फरक काढले तर ते २, ४, ६, ८ असे येतात. आणि त्या फरकांचे पुन्हां फरक काढले तर दर वेळीं २ च येतात. आतां हीच वाट उलट चालावी. फरकांत २ मिळवीत जावें, आणि आलेला फरक मागील संख्येत मिळवावा, कीं पुढील संख्या आपोआप हातीं येते. गुणाकाराचें नांव नको. सर्व काम बेरजेवर भागतें. आणि बेरीज ही गोष्ट दांतेरी चाकांना शिकवितां येण्यासारखी आहे. १८२२ सालीं बॅबेजनें एक लहानसा नमुना तयार केला व त्यावर हेंच उदाहरण सोडवून दाखविलें. ह्या यंत्राला त्यानें ‘डिफरन्स एंजिन’ असें नांव दिलें. आपण त्याला फरकयंत्र म्हणूं. खरी अडचण होती ती ‘हातच्या’ची. ९ नंतर ० आला कीं शेजारच्या चाकानें एक घर सरकावें, आणि त्यामुळें तेंही ९ वरून ० वर गेलें तर त्याच्या शेजारच्यानें सरकावें. शाळेंतील मूल जें मनांत करतें तें धातूकडून करवून घेण्यांत बॅबेजची पुष्कळ बुद्धि खर्ची पडली. शिवाय यंत्रानें उत्तर स्वतःच छापून द्यावें, म्हणजे नकलेच्या आणि खिळ्यांच्या चुकांनाही वाव राहणार नाहीं, असा त्याचा आग्रह होता.

ब्रिटिश सरकारनें १८२३ सालीं पहिले १,५०० पौंड मंजूर केले. कामासाठीं जोसेफ क्लेमंट हा कारागीर नेमण्यांत आला. इंग्लंडांतील अव्वल यंत्रकारांच्या कारखान्यांत तयार झालेला हा गृहस्थ होता. ज्याच्या नांवानें पुढें स्क्रूच्या आट्यांचें माप प्रमाण ठरलें तो जोसेफ व्हिटवर्थही कांहीं काळ ह्याच क्लेमंटच्या हाताखालीं होता. संकल्पित यंत्राला सुमारें २५,००० भाग लागणार होते. १८३२ सालीं त्याचा सुमारें सातवा हिस्सा जोडून झाला, आणि तो बिनचूक चालला. परंतु पुढच्याच वर्षीं काम थांबलें तें कायमचें. तोपर्यंत सरकारचे सुमारें १७,५०० पौंड खर्च झाले होते. त्याच सुमारास, १८३१ सालीं, स्टीफन्सनच्या कारखान्यांत तयार झालेलें ‘जॉन बुल’ हें आगगाडीचें एंजिन ८०० पौंडांच्या आंत विकलें गेलें होतें, एवढें सांगितलें म्हणजे रकमेची कल्पना येईल. १८४२ सालीं सरकारनें ह्या प्रकरणांतून अंग काढून घेतलें. तयार झालेले हजारों भाग पुढें वितळविण्यांत आले.

बॅबेज मात्र थांबला नाहीं. १८३४ पासून त्याच्या मनांत ‘अ‍ॅनॅलिटिकल एंजिन’ ह्या दुसऱ्याच यंत्रानें घर केलें होतें. हें यंत्र एका ठराविक गणितापुरतें नव्हतें. मागावरच्या नक्षीसाठीं जाकार्ड ज्या भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांचा उपयोग करी तसल्याच पुठ्ठ्यांनीं त्याला हवें तें गणित सांगावयाचें होतें. एडा लव्हलेस हिनें १८४३ सालीं त्यावर लिहिलेलीं टिपणें आज कंप्यूटरशास्त्राच्या इतिहासांत मानाचें स्थान मिळवून आहेत. ह्या यंत्राच्या चिंतनांतून शिकलेल्या युक्त्या वापरून बॅबेजनें १८४७ ते १८४९ ह्या काळांत दुसऱ्या फरकयंत्राचे आराखडे काढले. पहिल्याच्या मानानें ह्याला भाग सुमारें एकतृतीयांशच लागणार होते, आणि तें ३१ आंकडी संख्यांवर काम करणार होतें. १८५२ सालीं हे आराखडे सरकारला देऊं केले गेले. सरकारनें नकार दिला. आराखडे गुंडाळून ठेवले गेले ते जवळजवळ सव्वाशें वर्षें.

ह्यानंतर इतिहासग्रंथांतून जो निर्णय रूढ झाला तो असा: कल्पना उत्तम, पण त्या काळची कारागिरी इतके सूक्ष्म भाग करण्यास असमर्थ होती. सिडनी विद्यापीठांतील अ‍ॅलन ब्रॉम्ली ह्यांनीं १९७९ पासून लंडनच्या सायन्स म्यूझियममधील बॅबेजच्या कागदपत्रांचा कसून अभ्यास केला. दुसरें फरकयंत्र घडवितां येण्यासारखें आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि बॅबेजच्या जन्माला दोनशें वर्षें पूर्ण होण्याच्या आंत तें घडवावें असें त्यांनीं १९८५ सालीं म्यूझियमला सुचविलें. तेथील गणनयंत्रांच्या विभागाचे अध्यक्ष डोरॉन स्वेड ह्यांनीं तें काम अंगावर घेतलें.

यंत्र ‘चालविणें’ हा ह्या प्रयोगाचा हेतु नव्हता. ‘त्या काळीं तें चाललें असतें काय’ हें पाहणें हा होता. म्हणून क्लेमंटच्या हातचे जे भाग शिल्लक होते ते आधीं मोजले गेले. इंचाचे हजार भाग कल्पिले तर त्यांतील सुमारें दोन भागांइतकाच फरक त्यांच्यांत आढळला. नवे भाग आधुनिक यंत्रांवर करावयाचे, पण ह्याहून अधिक अचूक करावयाचे नाहींत, आणि त्या काळीं मिळत अशाच प्रकारचे धातू वापरावयाचे, असा नियम ठरला. मूळ आराखड्यांत कांहीं चुकाही निघाल्या. एक भाग उलट दिशेनें फिरेल असा काढला गेला होता. यंत्राचा दांडा हातानें फिरविणें फार जड जाऊं लागलें म्हणून चौपट सवलत देणारी दांतेरी चाकांची जोडी मध्यें बसवावी लागली. परंतु ह्या चुका कोणत्याही चांगल्या कारखान्यांत यंत्र जोडतांना सुधारतां येण्यासारख्या होत्या. मूळ कल्पनेंत खोट नव्हती. १९९१ च्या नोव्हेंबरांत, दोनशेंव्या जन्मदिवसाच्या महिनाभर आधीं, ह्या यंत्रानें पहिलें मोठें गणित चूक न करतां पार पाडलें. छपाईचा भाग २००२ सालीं पूर्ण झाला. सर्व मिळून सुमारें ८,००० भाग, पांच टन वजन, अकरा फूट लांबी आणि सात फूट उंची.

तेव्हां हत्यारें आणि हात हे दोघे आरोपी निर्दोष सुटले. मग गुन्हा कोणाचा?

पहिला जबाब कारखान्यांतून येतो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें कामासाठीं खास तयार केलेलीं हत्यारें कारागिराच्या मालकीचीं राहात, मग पैसे कोणाचेही असोत. सरकारी पैशानें क्लेमंटचा कारखाना समृद्ध होत गेला आणि यंत्र अपुरें राहिलें. बॅबेजच्या घराशेजारीं कारखाना हलविण्याची गोष्ट निघाली तेव्हां त्यानें भरपाई मागितली, माणसें कामावरून काढलीं, आणि हत्यारें स्वतःकडे ठेविलीं. ज्या बॅबेजनें १८३२ सालीं कारखान्यांच्या अर्थव्यवस्थेवर नांवाजलेला ग्रंथ लिहिला, त्याला आपल्या एकाच कारागिराशीं नीट करार करतां आला नाहीं!

दुसरा जबाब खुद्द बॅबेजच्या स्वभावाचा. अधिक चांगलें सुचलें कीं हातांतील चांगल्यावरून त्याचें मन उडे. सरकार पहिल्या यंत्राची वाट पाहात असतां त्यानें त्याहून श्रेष्ठ असें दुसरें यंत्र सुचल्याचें कळविलें. खजिना सांभाळणाऱ्याला ह्यांत हर्ष होण्यासारखें काय होतें? १८४२ च्या नोव्हेंबरांत मुख्य प्रधान रॉबर्ट पील ह्याची त्यानें भेट घेतली, पण ती मदत मिळविण्यापेक्षां गाऱ्हाणीं मांडण्यांतच गेली.

तिसरा जबाब सर्वांत अवघड आहे, कारण तो गरजेचा आहे. राजज्योतिषी जॉर्ज एअरी ह्यानें ह्या यंत्राचा कांहीं उपयोग नाहीं असें मत दिलें. बॅबेजच्या चाहत्यांनीं त्याला मत्सरी ठरविलें. पण त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. कोष्टक एकदां अचूक झालें कीं तें पुन्हां पुन्हां करावें लागत नाहीं, आणि नवें लागलेंच तर माणसें तें स्वस्तांत करीत. ह्याची साक्ष स्टॉकहोमहून मिळते. जॉर्ज शॉइट्झ हा मुद्रक आणि त्याचा मुलगा एडवर्ड ह्यांनीं बॅबेजच्या यंत्राचें वर्णन वाचून १८५३ सालीं एक लहान फरकयंत्र पूर्ण केलें. त्याला १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. बॅबेजनेंही त्या बापलेकांचें मोकळ्या मनानें कौतुक केलें. एक यंत्र अमेरिकेंतील एका वेधशाळेनें घेतलें, दुसरें लंडनच्या जन्ममृत्यूंच्या नोंदणीखात्यानें. यंत्रें चाललीं, पण जगांत त्यांचा प्रसार झाला नाहीं. कमी कांटेकोर यंत्रही काम देतें हें जसें ह्यावरून दिसतें, तसेंच यंत्र पूर्ण होणें आणि त्याची चाड असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत हेंही दिसतें.

अर्थात् १९९१ च्या निवाड्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. लोखंडाला जें साधलें असतें तें समाजाला साधलें असतें असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. नव्या घडवणाऱ्यांना आराखडे आयते मिळाले होते, आणि ध्येय मध्येंच बदलणारा कल्पक शेजारीं बसलेला नव्हता. त्यांनाही विघ्न चुकलें नाहीं: काम घेतलेली कंपनी १९९० सालीं बुडाली. पण म्यूझियमनें तिच्या दोघा एंजिनियरांना तत्काळ आपल्या नोकरींत घेतलें व काम पुढें चालविलें. १८३३ सालीं आणि १९९० सालीं संकट जवळजवळ एकाच जातीचें आलें. फरक पडला तो संकटसमयीं कारागिराला धरून ठेवणारी संस्था असण्याचा आणि नसण्याचा.

बॅबेजच्या मागें त्याचें काम कोणीं सांभाळलें हेंही सांगितलें पाहिजे. त्याचा मुलगा हेन्री हा हिंदुस्थानांत बंगालच्या लष्करांत होता. १८७४ सालीं निवृत्त होऊन परतल्यावर त्यानें बापाचे उरलेसुरले भाग जोडून लहान लहान नमुने केले, कागद एकत्र करून १८८९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, आणि १९१० पर्यंत अ‍ॅनॅलिटिकल एंजिनच्या एका अंगाची उभारणी पुरी करविली. बापाजवळ प्रतिभा होती, मुलाजवळ नेट होता. प्रतिभावंताला काळाच्या पुढें ठेवून नमस्कार करणें सोपें आहे. त्याच्या शेजारीं उभें राहून हिशेब ठेवणें, करार लिहिणें, आणि ‘आतां बदल पुरे, हें आधीं संपवूं’ असें म्हणणें कठीण आहे. बॅबेजला उणें पडलें असेल तर तें अशा माणसाचें. आणि अशीं माणसें कोणत्याही काळांत निपजूं शकतात.