आधी झोपडी, मग विद्यापीठ

मुलीला कोठे शिकायला पाठवावे, हा प्रश्न आता आपल्या मुळशी तालुक्यातही घरोघरी निघतो. बारावीचा निकाल लागला की पुण्या-मुंबईच्या कॉलेजांची नावे निघतात. गुणांचा विचार होतो, फीचा होतो, आणि शेवटी सारे एका जागी येऊन अडते: पोरीने राहायचे कोठे? कोणी म्हणेल, हा बायकी प्रश्न आहे. पण आपल्याकडील स्त्रीशिक्षणाचा इतिहास पाहिला तर मोठमोठ्यांना आधी याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले, असे दिसून येते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. जन्म १८६५ चा, नवव्या वर्षी लग्न, आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. पुढे त्यांनी डॉक्टर होण्याचे मनात घेतले. मद्रासला १८७५ पासून स्त्रियांना वैद्यकीच्या वर्गात प्रवेश मिळत होता. पण येथे मिळणारे शिक्षण अपुरे आहे, असे त्यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत सांगितले. त्यांनी निवडले ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे कॉलेज. ते १८५० सालचे, केवळ स्त्रियांना वैद्यकी शिकविण्यासाठी निघालेले.

अठरा वर्षांची मुलगी, नवरा बरोबर नाही, आणि जायचे सातासमुद्रापलीकडे! तिला आधार होता तो रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंचा. दोघींची कित्येक दिवस पत्रापत्री चाललेली होती आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा परक्या देशात त्यांच्यासाठी एक घर तयार होते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. परंतु तिकडची थंडी आणि अन्न त्यांना मानवले नाही. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय बावीससुद्धा पुरे नव्हते. मुलगी काय खाते, ऊब मिळते की नाही, हे प्रश्न किती मोलाचे असतात, ते यावरून कळावे.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. शिकण्यासाठी घर सोडणे त्यांनी स्वतः भोगले होते. कोकणातल्या मुरूडहून सुमारे ११० मैल चालत ते परीक्षेसाठी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! पुढे ते मुंबईत शिकले आणि १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली हिंगण्याच्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि विधवा मुली तेथे राहू लागल्या. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णासाहेब सामानसुमान घेऊन पायी हिंगण्यास जात.

पुढचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी झोपडी. मग १९०७ साली महिला विद्यालय. पुढे जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली, मातृभाषेतून शिकविणारे, स्त्रियांचे विद्यापीठ निघाले. आरंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ.

पार्वतीबाई आठवले याच आश्रमात घडल्या. विधवा होऊन माहेरी परतलेली ही कोकणातली बाई उशिरा लिहायला-वाचायला शिकली, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आली. राहायला जागा मिळाली नसती, तर ही बाई कोणाला ठाऊक झाली असती?

भगिनींनो, आपल्या तालुक्याला घर सोडणे म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. टाटांच्या धरणापायी गावे पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांनी तो नेटाने लढविला. ते घर सोडणे लादलेले होते आणि परतायला गावच उरले नाही. शिकायला जाणाऱ्या लेकीची गोष्ट निराळी आहे. तिच्या परतीची वाट उघडी असते आणि येताना ती रिकाम्या हाताने येत नाही.

आता तर काळ असा फिरला आहे की आपल्याच तालुक्यात, लवळे येथे, सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे उभी आहेत. दूरदूरच्या मुली तेथे येऊन राहतात. आपण लेकी पाठवतो, तशा दुसऱ्यांच्या लेकी आपल्याकडे येतात. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. फार चांगले झाले. पण खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण त्यात येत नाही. आणि गरिबाघरची मुलगी नेमकी तेथेच घरी बसते.

तेव्हा कॉलेज निवडताना तेथले वसतिगृह आईने स्वतः जाऊन पाहावे. पाणी, जेवण, दवाखाना, रात्री दाराशी कोण असते, हे विचारायला लाजू नये. मात्र सोय नाही म्हणून मुलीला मागे ओढू नये. सोय करावी. आपल्यातल्या कित्येकींचे भाऊ-बहिणी, नणंदा पुण्यात कोथरूड, कर्वेनगरकडे राहतात. हे कर्वेनगर म्हणजेच पूर्वीचे हिंगणे. मंडळाने अशा घरांची एक यादी केली, तर गावच्या मुलीला निदान पहिले काही महिने आधार मिळेल. लवळ्याला आलेली परगावची मुलगी सणाला आपल्या घरी जेवली, तर तिच्या आईचा जीव तिकडे निवेल. अमेरिकेतल्या एका मावशीने आपल्या आनंदीसाठी एवढे केले. आपल्याला पौड रस्त्यावर एवढे करणे जड जाऊ नये.