कामातील समाधान (कडाव परिसर)

कामातील समाधान : रोजचे काम, सोबती, वरिष्ठ आणि मिळणारा मोबदला यांबद्दल माणसाला जे बरेवाईट वाटते, त्याची गोळाबेरीज. मन रमले की हात चालतो, हा अनुभव जुना आहे. मोजायला गेल्यावर मात्र हे नाते मध्यम निघते. टिमोथी जज व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये शेकडो गटांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध 0.30 च्या आसपास आला. ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरांत सहा महिने दर आठवड्याला कर्मचाऱ्यांना मनःस्थिती विचारली गेली. प्रसन्न आठवड्यांत त्यांची विक्री सुमारे 13 टक्क्यांनी वाढली, तीही जादा तास न बसता.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण नागपूरच्या एम्प्रेस मिलचे. 1877 मध्ये ती सुरू झाली, तेव्हा कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. जमशेटजी टाटांनी दंडाचा मार्ग धरला नाही. बक्षिसे, विमा, भविष्यनिर्वाह निधी, 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी, 1895 पासून अपघाताची भरपाई, शिवाय हवेत ओलावा राखणारी यंत्रे, असे एकेक करून त्यांनी गिरणी माणसांना टिकून राहावेसे वाटेल अशी केली. कायदा मागे लागण्याच्या कितीतरी आधी हे घडले, म्हणून त्याचे मोल अधिक.

कर्जत तालुक्यातील कडाव हे भातशेतीचे गाव. गावात रेल्वे नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्याला आधी कर्जत किंवा भिवपुरी रोड स्थानक गाठावे लागते आणि कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 100 किलोमीटर आहे. दोन्ही वेळचा हा प्रवास हजेरीपटावर कुठेच दिसत नाही. पण अशा माणसाच्या समाधानाचा विचार घरून निघण्याच्या वेळेपासूनच केला पाहिजे.

कातकरी कुटुंबांचे काम याहून वेगळे. कर्जत-खालापूर भागातील अनेक कुटुंबे पावसाळ्यात, हाताला काम नसताना, उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे ठरते, त्यामुळे नवराबायको पहाटेपासून राबतात; मुलांची शाळा सुटते. हंगाम संपताना हिशेब होतो तेव्हा उचल फिटली की नाही, हे मालकाच्या वहीवरून कळते. येथे उत्पादन भरपूर निघते, पण त्यावरून समाधान असल्याचा निष्कर्ष काढणे चूक आहे. कामगिरीचे आकडे भीतीतून आणि कर्जातूनही वाढतात. कॉल सेंटरमधला निष्कर्ष भट्टीवर तसाच लावता येत नाही. भट्टीवर समाधानाची पहिली पायरी म्हणजे मजुराच्या हाती स्वतःच्या हिशेबाची प्रत आणि काम सोडून जाण्याची मोकळीक. उचलीच्या कर्जापोटी मजुराला बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि तसे कर्ज फेडण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने रद्द केली आहे.