डेनिमवरचा लांडगा : निळीच्या छटांतून उमटणारे गूढचित्र

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणीच्या पुढे पिंगळी हे लहानसे स्थानक लागते. दोन्ही बाजूंना कापसाची काळी जमीन पसरलेली असते. येथून शहरात शिकायला जाणाऱ्या मुलांच्या अंगावरील जीन्स वा जाकिटावर चंद्राकडे तोंड करून हेल काढणारा लांडगा छापलेला दिसला, तर आज त्याचे कोणाला नवल वाटणार नाही. या चित्राची गंमत अशी, की कापडाची नाळ आपल्या मातीशी जोडलेली आहे आणि प्राणीही दख्खनच्या माळरानाचा आहे; परका आहे तो चित्रातील त्याचा अवतार.

डोंगरीची 'डंगरी'

डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम या शहरावरून आले, असे मानले जाते. त्याचेच भावंड शोभणारे 'डंगरी' हे जाडेभरडे सुती कापड मात्र मुंबईच्या डोंगरी भागाचे नाव मिरवते. खलाशी व कामकरी यांच्या पोशाखासाठी ते युरोपात जात असे आणि सतराव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द आढळतो. पुढे 20 मे 1873 रोजी अमेरिकेत लिव्हाय स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांना तांब्याच्या रिव्हेटांनी खिसे पक्के करण्याचे पेटंट मिळाले आणि मजुराची विजार 'जीन्स' म्हणून जगभर पोहोचली.

डेनिमसाठी जाड सूत लागते, त्यामुळे फार लांब धाग्याच्या कापसाचा अट्टहास नसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) देशी कापसाचे तुलनेने लांब धाग्याचे वाण विकसित केले आहेत. विदर्भात यवतमाळ येथे तर डेनिमची मोठी गिरणीच उभी राहिली.

निळीचा स्वभाव

डेनिमवर चित्र कसे उमटते, हे समजण्यासाठी आधी त्याचा रंग समजून घ्यावा लागतो. या कापडातील उभे धागे, म्हणजे ताणा, निळीने रंगवलेले असतात आणि आडवा बाणा पांढराच ठेवलेला असतो. विणताना ताणा वर राहतो; म्हणून कापड बाहेरून निळे आणि आतून फिकट दिसते.

नीळ पाण्यात विरघळत नाही. रासायनिक क्रियेने तिला विद्राव्य रूप दिले, की द्रावण पिवळसर हिरवे होते. त्यात बुडवलेले सूत बाहेर काढल्यावर हवेतील प्राणवायूने पुन्हा निळे होते. अशा अनेक बुचकळ्यांनंतरही रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, बाहेरच कड्यासारखा बसतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी 1880 मध्ये प्रयोगशाळेत नीळ तयार केली, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीची शेती मागे पडली. पण रंगाचा हा वरवर बसण्याचा स्वभाव बदलला नाही. जीन्स घासली की फिकी पडते ती यामुळेच, आणि चित्रकाराची सोयही यातच आहे.

छटा तशी छपाई

गडद, न धुतलेल्या डेनिमवर नेहमीचे रंग थेट छापले तर ते निळाईत बुडून जातात. म्हणून जाळीच्या छपाईत आधी पांढऱ्या रंगाचा अपारदर्शक थर देतात आणि त्यावर लांडग्याचे डोळे, चंद्र, धुके असे रंग चढवून उष्णतेने पक्के करतात. चित्र ठसठशीत येते, पण हाताला जाड लागते. पुष्कळ धुतल्यावर त्याला भेगा पडू शकतात.

दुसरी रीत रंग काढण्याची. पोटॅशियम परमँगनेट किंवा लेसर किरण यांनी निळीचा वरचा थर उडवला, की खालचा पांढरा गाभा उघडा पडतो. लेसरची तीव्रता कमीअधिक करून करड्या केसांचे बारकावे कापडातूनच वर आणता येतात. येथे गडद छटा उपकारक ठरते; रात्रीचे आकाश आयतेच मिळते. फिकट, दगडाने वा विकराने धुतलेल्या डेनिमवर काढण्याजोगी नीळच थोडी उरलेली असते. तेथे गडद शाईची रेषाच शोभते आणि लांडगा धुक्यात विरल्यासारखा दिसतो. काळे डेनिम बहुधा गंधकयुक्त रंगाने रंगवलेले असते. तो रंग निळीसारखा सहज सुटत नाही, म्हणून तेथे छपाईच अधिक भरवशाची.

या सौंदर्याची किंमत कामगारांनी मोजली आहे. कापड फिके करण्यासाठी वाळूचा मारा करणाऱ्या तुर्कस्तानातील कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य रोग जडला आणि 2009 मध्ये त्या देशाने या पद्धतीवर बंदी घातली. परमँगनेटचा फवाराही श्वासावाटे घातकच असतो. लेसरचा वापर वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

रक्षक की लबाड?

चित्रातील गूढ लांडगा अनेक संस्कृतींतून आला आहे. रोमच्या संस्थापक बंधूंना पाजणारी लांडगी, उत्तर युरोपच्या पुराणकथांतील फेनरिर आणि मंगोलांचा निळसर करडा आदिपुरुष लांडगा ही त्याची पूर्वपीठिका. अमेरिकेतील 'थ्री वुल्फ मून' या टी-शर्टवरील अँटोनिया नेशेव्ह यांच्या चित्राला 2009 मध्ये इंटरनेटवरील विनोदी अभिप्रायांमुळे अफाट प्रसिद्धी मिळाली. तीन लांडगे आणि एक चंद्र ही मांडणी तेव्हापासून घरोघरी ओळखीची झाली.

आपल्याकडेही लांडग्याला गूढतेचे वावडे नाही. ऋग्वेदातील ऋज्राश्वाने लांडगीला शंभर मेंढ्या कापून दिल्या, म्हणून पित्याने त्याला आंधळे केले. अश्विनीकुमारांनी त्याला पुन्हा दृष्टी दिली. भीमाचे 'वृकोदर' हे नाव तर लांडग्याच्या भुकेवरूनच पडले. रुडयार्ड किपलिंगच्या 1894 मधील 'जंगल बुक'मध्ये मोगलीला वाढवणारा कळप नागपूरपासून फार दूर नसलेल्या सिवनीच्या रानातला आहे. मराठी बोलीत मात्र लांडगा उरला तो लबाडीचा आणि 'लांडगेतोडी'चा धनी म्हणून.

माळरानावरचा खरा लांडगा

छपाईतील दाट केसांचा, बर्फात उभा असलेला लांडगा उत्तरेकडील आहे. भारतीय लांडगा अंगाने लहान, आखूड केसांचा, पिंगट करड्या रंगाचा असतो. तो गवताळ माळावर राहतो आणि मेंढपाळांच्या कळपांच्या आसपास वावरतो. जनुकीय अभ्यासानुसार त्याचा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे. महाराष्ट्रातील लांडग्यांच्या आवाजांवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे चार प्रकार नोंदवले गेले. लांडग्याचे हेल काढणे चंद्रासाठी नसते. कळपातील दूरच्या सोबत्यांशी संपर्क साधणे आणि आपला मुलूख जाहीर करणे, हा त्याचा हेतू असतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लांडग्याला सर्वोच्च संरक्षण आहे. तरीही देशात त्यांची संख्या सुमारे तीन हजारच उरली असावी, असा अंदाज आहे. पडीक समजून नांगरले जाणारे, वसाहतींखाली जाणारे माळ आणि भटक्या कुत्र्यांकडून होणारा संसर्ग ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. कापडावरचा लांडगा जपणे सोपे आहे. कपडा उलटा करून थंड पाण्यात धुतला आणि सावलीत वाळवला, की तो वर्षानुवर्षे टिकतो. माळावरच्या लांडग्याला मात्र माळच हवा.