कलापरिसर : वास्तूंपेक्षा वाटा महत्त्वाच्या

चित्र, नाट्य, संगीत, नृत्य, साहित्य अशा विविध कलांची दालने, सभागृहे, ग्रंथालये आणि दुकाने पायी फिरता येईल एवढ्या अंतरात एकवटली, की त्या भागास कलापरिसर म्हणता येते. महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईतील काळा घोडा.

सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून हे नाव पडले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. नाव मात्र लोकांनी राखले. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा उभा राहिला, तोही स्वाराविना.

हा परिसर एखाद्या आराखड्यातून जन्मलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील डेव्हिड ससून ग्रंथालय, १९२२ मध्ये खुले झालेले वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन (१९५२) आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (१९९६) हाकेच्या अंतरावर होती. त्यांना एका धाग्यात ओवले ते १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने. १९९९ पासून भरणाऱ्या विनामूल्य महोत्सवाने कला रस्त्यावर आणली आणि वारसा वास्तूंच्या जतनाचे कामही त्याला जोडले गेले.

अशी वीण नाजूक असते. जहांगीरमधील 'सामोवार' २०१५ मध्ये, तर समोरचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये बंद झाले. महोत्सव चालू राहिला, तरी कलावंतांच्या रोजच्या भेटीगाठींच्या जागा उणावल्या.

पुण्यालगतच्या मुळशी तालुक्यासाठी यातील धडा मोलाचा आहे. येथे हिंजवडीची आयटी नगरी आहे, लवळ्यात विद्यापीठे आहेत. म्हणजे रसिकांची आणि विद्यार्थ्यांची वानवा नाही. मात्र, कोऱ्या जमिनीवर आखलेले शहर आपोआप नांदते असे नाही. याच तालुक्यातील लवासा प्रकल्प २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेला.

शिवाय मुळशीत जमिनीचा प्रश्न जुना आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये येथे सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते ठरले. जमिनी विकून बसलेल्या शेतकरी कुटुंबांची परवड २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने मांडली. त्यामुळे येथे कलापरिसर उभारायचा, तर भव्य संकुलाआधी गावची भजनी मंडळे, जत्रा, शाळा आणि विद्यापीठांची सभागृहे यांना जोडणारी संस्था हवी. कलावंतांना परवडणाऱ्या भाड्याची हमी हवी. ज्यांची जमीन, ते या परिसराचे यजमान व्हावेत; त्यांच्यावर केवळ पहारेकऱ्याची वेळ येऊ नये.